म गाळलेला प्रमाद

धनलक्ष्मी मिसकडून शाबासकी मिळवण्यापेक्षा तिरुपतीला रांग न लावता दर्शन मिळवणं सोपं, असं चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी क्वार्टर्समधली मुलं म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. बाई सातवीला सायन्स शिकवायच्या. बेताची उंची, कडक इस्त्रीची सुती साडी, केसांत मल्लिपूचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा आणि हातात लाल पेन. सगळी उत्तरं बरोबर आली तरी दहापैकी नऊच द्यायच्या. उरलेला एक मार्क देवाचा, असं त्यांचं म्हणणं. देव त्या मार्कांचं काय करत असेल कोण जाणे, पण इतक्या वर्षांत त्याच्याकडे चांगलाच साठा झाला असणार.

अगदीच खूश झाल्या तर त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, तोही तमिळमधला: परवाइल्लै. म्हणजे ठीक आहे, चालून जाईल. घरीही हाच हिशेब. यजमान जनकोजीराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी उपमा करायचे. काजू घातले तरी परवाइल्लै, करपला तरी परवाइल्लै. शेवटी त्यांनी काजू घालणं बंद केलं.

आता बाईंच्या मराठीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला. बाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून इकडे आले, शेतीवाडी, नोकऱ्या, नातीगोती सगळं इथलंच झालं, पण मराठी तेवढी देवघरात आणि स्वयंपाकघरात टिकून राहिली. तिच्यात केलें, गेलें, झालें असे जुने अनुस्वार ठणठणीत, आणि मधूनमधून तमिळ शब्द असे बेमालूम बसलेले की कुठला कुणाचा ते घरच्यांनाही सांगता येऊ नये. घरात कुणाचं त्यावाचून अडत नव्हतं. पण महाराष्ट्रातलं कुणी समोर आलं की बाईंना उगाच बुजल्यासारखं व्हायचं. आपली भाषा शुद्ध वाटावी म्हणून त्यांनी स्वतःपुरती एक युक्ती काढली होती. तमिळ शब्दाच्या शेवटी म असला तर तो गाळायचा, की झाला शब्द मराठी. पुस्तकमचं पुस्तक, समुद्रमचा समुद्र, कारणमचं कारण, आनंदमचा आनंद. युक्ती इतकी सोपी की ती कधी तपासून घ्यावी असं या सायन्सच्या बाईंना वाटलंच नाही.

२००९ साली वरून फर्मान आलं की आता नुसत्या लेखी परीक्षेवर मुलांना जोखायचं नाही. वर्षभर नाना तऱ्हांनी जोखायचं. प्रोजेक्ट, गटकाम, तोंडी निवेदन, मुलांनी स्वतःला द्यायची श्रेणी, मुलांनी एकमेकांना द्यायची श्रेणी. त्याचं प्रशिक्षण चेन्नईत नुंगंबाक्कमला झालं. तिथल्या एका तरुण प्रशिक्षकाने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत सांगितलं की मार्क देऊन थांबू नका, मुलांचं मोकळ्या मनाने कौतुक करा, आणि जमलं तर ज्याच्या त्याच्या मातृभाषेत करा. बाई एक प्लास्टिकची फाइल आणि भलीमोठी डोकेदुखी घेऊन घरी आल्या. मुलांनीच मुलांना मार्क द्यायचे तर मी वर्गात बसून काय भेंडी चिरूं, असं त्यांनी जनकोजीरावांना विचारलं. जनकोजीरावांना कौतुकाचा भाग फार आवडला. त्याची सुरुवात घरापासून करायची असते का, एवढंच त्यांनी विचारलं.

बाई तशा हुकमाच्या पक्क्या. मनात शंभर शिव्या घातल्या, पण सगळं करून पाहिलं. मुलांना म्हणाल्या, स्वतःला श्रेणी द्या. अख्ख्या वर्गाने स्वतःला सगळ्यात वरची दिली. एकट्या तरुण नावाच्या मुलाने सगळ्यात खालची घेतली, कारण दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या आजीने तसं सांगितलं होतं. मग म्हणाल्या, एकमेकांना द्या. तेव्हा रम्याने कुणी तिला वाढदिवसाचं चॉकलेट दिलं होतं आणि कुणी दिलं नव्हतं, यावरून सगळ्यांचा निकाल लावला. गटाच्या प्रोजेक्टात सहा ज्वालामुखी आले, सहाही एकाच दुकानातल्या थर्माकोलचे. एकावर तर बनवणाऱ्याची सही होती, आणि ती मुलाच्या वडिलांची होती. बाईंनी त्या वडिलांना बी श्रेणी दिली आणि तसं फोन करून कळवलंही.

राहिलं तोंडी निवेदन. प्रत्येकाने आपल्या प्रोजेक्टबद्दल वर्गापुढे उभं राहून बोलायचं, त्याचे दहा मार्क. सगळे बोलले. काही जण तर खाली बसायलाच तयार नव्हते. एकाच नावापुढचा रकाना मोकळा राहिला, तो अनयचा.

अनय जूनमध्ये आला होता. त्याचे वडील पुरुषोत्तम खडकीच्या कारखान्यातून आवडीच्या संरक्षण कारखान्यात बदलून आले होते. पोरगा मराठी शाळेतून आलेला, इंग्रजी कच्चं आणि तमिळ तर शून्य. पहिल्याच आठवड्यात त्याला बाकावरच्या पोराचं बोलणं कळेना, म्हणून त्याने सवयीने विचारलं, "काय?" आता तमिळमध्ये काय म्हणजे कच्चं फळ, भाजी. मागच्या बाकावरून तरुणने लगेच पुरवलं, कत्तरिक्काय, म्हणजे वांगं. दुसऱ्याने सांगितलं वेंडक्काय, म्हणजे भेंडी. तिसऱ्याने शेवगा आणला. वर्गाची मंडई झाली. त्यात दुष्टावा नव्हता हो, पोरंच ती. पण त्या दिवशी अनयने जे तोंड मिटलं ते मिटलंच.

आणि हे प्रकरण नुसत्या गप्प बसण्यावर थांबणार नव्हतं. पुरुषोत्तम कारखान्यात तपासणी विभागात होते. सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, पास नाहीतर रिजेक्ट, मधलं काही नाही. मुलाबद्दलही त्यांचं तसंच होतं. डिसेंबरपर्यंत जमलं नाही तर पुण्याला काकाकडे पाठवायचं, जुन्या शाळेत. अनयच्या आईला, निधीला, हे मुळीच मान्य नव्हतं. तिने पहिल्याच भेटीत हे बाईंना सांगितलं होतं, सांगताना तिचा आवाज भरून आला होता. एकुलतं एक पोर, आणि तेही असं दुसऱ्याच्या दारात वाढणार. ते ऐकल्यापासून बाईंचा त्या पोरावर जीव होता. दिसायचं मात्र काही नाही. चेहरा तोच, लाल पेनवाला.

तर कुठल्याच गटात न शिरलेल्या या अनयने प्रोजेक्ट काय केलं? ज्वालामुखी नाही. त्याने कॉफी केली. मद्रासकडची माणसं पेला आणि पसरट दवरा घेऊन कॉफी वरखाली का करतात, हे त्याला आल्यापासून कोडं पडलं होतं. त्याने तीच गरम कॉफी पेल्यात ठेवून पाहिली, दवऱ्यात ओतून पाहिली, वरखाली करून पाहिली, प्रत्येक वेळी थर्मामीटर लावला आणि आलेख काढला. आणि तळाशी लिहिलं की वरखाली केल्याने कॉफी झटकन निवते, पण एकदा फेस धरला की उरलेली ऊब फेस सांभाळतो. बाईंनी तो तक्ता दोनदा वाचला. जन्मभर रोज दोन वेळा कॉफी वरखाली केली होती त्यांनी, आणि हा प्रश्न एकदाही मनात आला नव्हता. त्यांना भरून आलं. खरंच सांगते, बाईंना भरून आलं.

नवं फर्मान त्यांना आठवलं: मोकळ्या मनाने, मातृभाषेत. पण शब्द कुठला वापरायचा? शाबास त्यांना हवालदाराच्या तोंडचा वाटायचा. छान फारच किरकोळ. एवढ्या कामाला त्यांच्या वडिलांचा शब्द हवा. गाण्याची बैठक रंगली, लग्नातलं जेवण झकास झालं की वडील मांडीवर थाप मारून म्हणायचे, प्रमादम. तमिळमध्ये प्रमादम म्हणजे अप्रतिम, लाजवाब, त्यापुढे काही नाही. हल्लीची पोरं नुसतं सूपर म्हणतात, पण जुन्या माणसांचा शब्द तोच. बाईंनी तो शब्द मनात घोळवला, युक्तीप्रमाणे शेवटचा म गाळला, आणि अनयच्या खांद्यावर हात ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा एका विद्यार्थ्याचं तोंडभर कौतुक केलं.

"अनय, हें प्रमाद आहे."

अनयचा चेहरा खर्रकन उतरला. बाईंना वाटलं, लाजला.

संध्याकाळी त्याने खात्री करायला घरी विचारलं, प्रमाद म्हणजे काय? पुरुषोत्तमांनी सांगितलं, घोडचूक. त्यांच्या खात्यात हा शब्द मेमोमध्येच यायचा, आणि आला की माणसाची झोप उडायची. झालं. दुसऱ्या दिवसापासून अनयने प्रयोग पुन्हा सुरू केला. नवी मापं, नवा आलेख. बाई हरखल्या. एकदा कौतुक केलं तर पोरगं दुप्पट जोमाने कामाला लागलं, म्हणजे तो पडद्यावरचा प्रशिक्षक अगदीच वेडा नव्हता. नवा तक्ता पाहून त्या म्हणाल्या, हा तर आणखी मोठा प्रमाद. पोराने पुन्हा केला. निधीच्या घरात डिकाशनचे डोंगर झाले, ती आणि शेजारीण दिवसभर उरलेली कॉफी पिऊन रात्री टक्क जाग्या. बाईंचं कौतुक जसजसं वाढत गेलं, तसतसा अनय वाळत गेला. शेवटी एक दिवस त्याने थर्मामीटर परत केला आणि प्रोजेक्टच सोडलं.

बाई बुचकळ्यात पडल्या. पण पालकसभा जवळच होती. त्यांनी ठरवलं, बापाच्या कानावर घालावं, म्हणजे पुण्याचं नाव तरी काढणार नाही. शनिवारी पुरुषोत्तम एकटेच आले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि अनुस्वारांसकट सांगितलं, "तुमच्या मुलाने जें केलें तो प्रमाद. इतका मोठा प्रमाद मीं माझ्या सगळ्या नोकरींत पाहिला नाहीं." वर हसल्याही. पुरुषोत्तमांनी मान खाली घातली, बरं म्हणाले, आणि निघून गेले. बाईंना वाटलं, किती विनयाचा माणूस.

सोमवारी ऑफिसातला क्लार्क कृष्णस्वामी बाईंना जिन्यात भेटला आणि सहज म्हणाला की तुमच्या वर्गातल्या अनयची आई शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली आहे. बाईंचा पारा चढला. तास अर्धा टाकून त्या ऑफिसात गेल्या. नवऱ्याने पाठवलेली निधी बाकावर रुमाल पिळत बसली होती. बाईंनी थेट विचारलं, माझा सगळ्यात चांगला मुलगा तुम्हीं कां नेतां? निधीने आधी ऐकून घेतलं, मग तिलाही राग आला. तुम्हीच यांना तसं सांगितलंत ना, म्हणाली. बाई म्हणाल्या, सांगितलेंच, आणि हवें तर हेडमास्तरांच्या समोर पुन्हा सांगेन. निधीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या लहान पोराचं इतकं वाईट बोलायचं, ते बोलायचं आणि वर हसायचं, हे तिच्या बुद्धीच्या पलीकडचं होतं. इकडे बाईंच्या बुद्धीच्याही पलीकडे चाललं होतं, की मुलाची स्तुती ऐकून आई रडते कशाला.

कृष्णस्वामीला मराठी ओ की ठो कळत नव्हतं, पण दोन बाया भांडताहेत एवढं कळत होतं. त्याला जे येत होतं ते त्याने केलं. दोन दवऱ्यांत फिल्टर कॉफी ओतून दोघींच्या पुढ्यात ठेवली. निधीने नाइलाजाने एक घोट घेतला. बाईंनाही वाटलं, पाहुणी ती पाहुणी, काहीतरी बरं बोलावं.

"आमच्या कृष्णस्वामीची कॉफी म्हणजे प्रमाद," त्या म्हणाल्या.

निधीने डोळे पुसले. सभ्य घरची मुलगी, दुसऱ्याने केलेल्या वस्तूला नाव ठेवलेलं तिला सहन होईना. "असं कसं म्हणता मॅडम," ती म्हणाली, "प्रमाद कसला, छान झालीय की."

बाईंनी कॉफीकडे पाहिलं, निधीकडे पाहिलं. मग अगदी हळू विचारलं की तुमच्याकडे प्रमाद म्हणजे काय? निधीने सांगितलं. बाईंनी खुर्चीचा हात धरला. सगळे प्रसंग एकामागून एक डोळ्यांपुढून गेले. हें प्रमाद आहे. हा आणखी मोठा प्रमाद. पोराचा उतरलेला चेहरा. निधी आता रडताना हसत होती आणि थांबता थांबत नव्हती, पण बाईंना हसू येईना. इतकी वर्षं एक शब्द जपून ठेवला, आणि काढला तेव्हा तो पोराच्या काळजात सुरीसारखा शिरला. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाई अनयच्या क्वार्टरवर गेल्या. पुरुषोत्तमांना त्यांनी सगळं सांगितलं, म सकट आणि म गाळून. पुरुषोत्तमांना खरं वाटायला वेळ लागला. मग तेही ओशाळले, पण माणूस तपासणी विभागातला, लगेच पासचा शिक्का कसा मारील? चूक तुमची होती हे मान्य, म्हणाले, पण मुलगा बोलत नाही हे तर खरं ना. जिथे तोंड उघडत नाही तिथे त्याला ठेवून त्याचं नुकसानच. तोंडी मार्कांचा रकाना तुमचाच, तो भरला तर दाखल्याची मागणी मागे घेतो, नाही भरला तर सुट्टीत पुणे. अनय दाराआड उभा राहून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या आणि त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, प्रमादम आणि प्रमाद. मग सगळ्या वर्गाला, तमिळमध्ये आणि इंग्रजीत, आपली फजिती सांगितली, काहीही न लपवता. जिची शाबासकी मिळणं मुश्किल, त्या बाईने शाबासकी दिली ती अशी. मुलं आधी घाबरून ऐकत होती, मग एकाला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. तरुण तर बाकाखाली गेला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आजवर मी तुम्हाला जोखलं, तुम्ही स्वतःला जोखलंत, एकमेकांना जोखलंत. आता एकच तऱ्हा राहिली. आज मला जोखायचं. विषय माझं मराठी. या वर्गात ते जोखता येईल असा परीक्षक एकच आहे, आणि परीक्षा तोंडी आहे. मग त्यांनी अनयला उभं केलं.

अनय उभा राहिला. मान खाली. पंखा तेवढा खडखडत होता. त्यांना वाटलं, पुन्हा चुकले मी, पोराला सगळ्यांसमोर उभं करायला नको होतं. त्या त्याला बस म्हणून सांगणार, तेवढ्यात रम्याने मागून कुजबुजत काहीतरी विचारलं, आणि अनयच्या तोंडून सवयीने गेलं, काय? तरुणचं तोंड उघडलं. कत्त, एवढं बाहेरही आलं. बाईंनी लाल पेन वर केलं आणि वांगं त्याच्या घशातच राहिलं.

पण अनयला हसू आलं होतं. त्याने मान वर केली आणि बाईंकडे सरळ पाहिलं.

"मिस, तुमचं मराठी म्हणजे प्रमाद."

आता कुणालाच कळेना की बाई रागावणार की काय. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, तेवढा वेळ त्यांना हवाच होता.

"म सकट," त्यांनी विचारलं, "कीं म गाळून?"

अनयने जरा विचार केला. आणि मग त्याने उत्तर दिलं ते चक्क तमिळमध्ये.

"रेंडुम, मिस."

रेंडुम म्हणजे दोन्ही. त्यातला म कुणी गाळून पाहावा. वर्ग जो उसळला तो शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले तरी शांत होईना, आणि त्या गोंगाटात अनय फळ्यापाशी जाऊन आपल्या कॉफीबद्दल मोडक्यातोडक्या तीन भाषांत बोलायला लागला, तो तास संपला तरी थांबला नाही. बाईंनी लाल पेन उघडलं आणि त्याच्या नावापुढच्या मोकळ्या रकान्यात दहापैकी दहा लिहिले. त्या दिवशी देवाला त्याचा मार्क मिळाला नाही.